पोलादी तारा आणि रात्रपाळीची झोप

भिलाईहून एका भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नये, सेक्टरचा क्रमांक तर मुळीच छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती अर्थातच मान्य. यजमान पोलाद कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करतात. घर म्हणजे दोन खोल्यांचे क्वार्टर. थोरली मुलगी सासरी, धाकटा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या चिरंजीवांनी कुणाकडून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली असून दोन मित्रांना हाताशी धरून स्वतःची रॉक गाणी रचायला सुरुवात केली आहे. ती आता घरच्या घरी रेकॉर्ड करायची आहेत आणि त्यासाठी ४० हजार रुपयांचे सामान हवे आहे.

ताई लिहितात, ‘हे रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. सुट्टीच्या दिवशी नेमकी तीच याची गिटारची वेळ. हे म्हणतात, आमच्या मिलमध्ये याहून कमी आवाज असतो. मुलगा म्हणतो, मला माझा साउंड शोधायचा आहे. हा साउंड म्हणजे काय, तो असा हरवला कुठे, आणि तो शोधायला एवढे पैसे घालावेत का?’

पत्र गमतीचे वाटले तरी त्यातली अडचण गमतीची नाही. बापाची झोप खरी आहे आणि मुलाची तळमळही खरी आहे. मधल्या दाराशी आई उभी आहे.

आधी त्या ‘साउंड’विषयी. एकच राग दोन गवयांनी गायला, तर पहिल्या आलापातच कोण गातो आहे हे आपण ओळखतो. स्वर तेच असतात, पण गळा वेगळा, घराणे वेगळे, श्वास वेगळा. रॉक संगीतात हा ‘गळा’ अर्धा माणसाचा आणि अर्धा यंत्राचा असतो. इलेक्ट्रिक गिटारची तार पोलादाची असते. ती लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्यासमोर कंप पावते, वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे ताणले की ध्वनिलहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर त्यात मिसळतात. आपल्याला जो आवाज ‘फाटलेला’ वाटतो, तो हाच. १९६४ साली लंडनच्या ‘द किंक्स’ या बँडमधल्या डेव्ह डेव्हिस या मुलाने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने मुद्दाम चिरला होता. त्या चिरलेल्या स्पीकरमधून निघालेला खरखरीत आवाज जगभर गाजला. तेव्हा ताई, मुलाच्या खोलीतून फाटका आवाज आला तर लगेच मिस्त्रीला बोलावू नका. तो बहुधा त्याने मेहनतीने फाडलेला असेल.

भिलाईच्या मुलाला रॉकचे वेड लागावे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटले नाही. रॉकमधला जो सर्वांत जड, धातूच्याच नावाने ओळखला जाणारा प्रकार आहे, तो ‘हेवी मेटल’, भिलाईसारख्याच कारखान्यांच्या मुलखात जन्मला. इंग्लंडमधले बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासची गावे म्हणजे भट्ट्या, घणाचे ठोके आणि धूर. तिथे टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. हा गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका उजवा. संपलेच म्हणायचे! पण त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली आगीत निकामी झाली होती आणि तरीही तो अफाट वाजवत असे. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून तुटक्या बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैल सोडून सगळा सूर खाली उतरवला. सैल तारांचा तो खोल, जड, गुरगुरता आवाज म्हणजेच ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड. तो आवाज कुठल्या दुकानात मिळाला नव्हता. दुखऱ्या बोटांची सोय बघता बघता तो हाताशी आला.

त्याच मुलखातल्या ‘जुडास प्रीस्ट’ या बँडने १९८० साली आपल्या अल्बमचे नावच ‘ब्रिटिश स्टील’ ठेवले. हा अल्बम नेहमीच्या स्टुडिओत न करता एका घरात रेकॉर्ड झाला. घर साधेसुधे नव्हते म्हणा. ॲस्कॉटजवळची ‘टिटनहर्स्ट पार्क’ ही प्रचंड हवेली, आधी जॉन लेननची आणि नंतर रिंगो स्टारची. पण या मंडळींनी त्या हवेलीत जे केले, ते कोणीही आपल्या स्वयंपाकघरात करू शकेल. एका गाण्यात लोखंडी सैनिकांच्या पावलांचा आवाज हवा होता, तर त्यांनी काटे-चमच्यांचा ट्रे हलवून तो आवाज टिपला. दुसऱ्या गाण्यात काच फुटायला हवी होती, तर दुधाच्या बाटल्या फोडल्या.

आपल्याला यात परके काही वाटू नये. राहुलदेव बर्मन यांनी ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला काचेच्या पेल्याचा किणकिणाट वापरला. ‘शोले’ (१९७५) मध्ये तर बाटलीत फुंकर मारून काढलेला आवाज ताल धरतो. आपण ही गाणी लग्नाच्या वरातीत वर्षानुवर्षे वाजवतो आणि घरातल्या मुलाने वाटी-चमचा वाजवला की ओरडतो!

आता दुसरा प्रश्न: घरी रेकॉर्डिंग होते का? होते, आणि कधी कधी स्टुडिओपेक्षा बरे होते. इथे इंजिनिअर मुलाच्या आईने टॉम शोल्झ हे नाव लक्षात ठेवावे. अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला हा गृहस्थ दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी करी आणि संध्याकाळी घराच्या तळघरात गिटार घेऊन बसे. यंत्रे स्वतः दुरुस्त करायची, एकावर एक गिटार चढवायची, पुसायची, पुन्हा वाजवायची. वर्षानुवर्षे हेच. रेकॉर्ड कंपनीने करार केला तेव्हा अट घातली की सगळे पुन्हा मोठ्या स्टुडिओत करा. शोल्झने काय करावे? बाकीच्या बँडला लॉस एंजेलिसला पाठवून दिले आणि स्वतः तळघरातच बसून बहुतेक सगळा अल्बम पुरा केला. १९७६ साली निघालेल्या ‘बॉस्टन’ या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती खपल्या. पुढे १९८२ मध्ये याच शोल्झने ‘रॉकमन’ नावाची हातात मावेल एवढी पेटी बाजारात आणली. गिटार तिला जोडायची, हेडफोन कानाला लावायचा. वाजवणाऱ्याला मोठ्या ॲम्प्लिफायरचा भरदार आवाज ऐकू येतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला काहीही नाही. ताईंच्या घरातला अर्धा तंटा त्या पेटीने तेव्हाच मिटवला असता. आज तेच काम संगणकातले एखादे फुकट सॉफ्टवेअर करते.

दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आणि दोन साध्या माईकवर काही गाणी नुसती नमुना म्हणून टिपली. मग बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी थाटामाटात करून पाहिली. पण खिशात विना-डबीची फिरणारी ती कॅसेटच अधिक खरी वाटत होती. शेवटी तीच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. शोल्झने घरात बसून चकचकीत आवाज शोधला, स्प्रिंगस्टीनने त्याच्या खरखरीसकट साधा आवाज ठेवला. मुलाला यांतला कुठला मार्ग मानवेल हे त्यालाच ठाऊक, आणि कदाचित अजून त्यालाही नसेल.

आपल्याकडे तरी काय? १९९३ साली अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचे मासिक काढले, तेही मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर अलाहाबादेतून. तेव्हा लहान शहरांतल्या मुलांचे रेकॉर्डिंग म्हणजे दोन टेपरेकॉर्डरांचा खेळ असे. एकावर वाजवलेले लावायचे, त्यासोबत पुन्हा वाजवायचे, दुसऱ्यावर दोन्ही टिपायचे. प्रत्येक फेरीला टेपची ‘स्स्स’ वाढत जाई आणि चौथ्या फेरीला गाण्यावर पाऊस पडतो आहे असे वाटे. अलीकडचे उदाहरण दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’चे. वकिलीची नोकरी सोडलेल्या करण कटियारने २०१६च्या सुमारास लोकप्रिय गाण्यांची विडंबने करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. विडंबने करता करता ढोल आणि बासरी हाताला लागली आणि विडंबन मागे पडले. २०१९ मध्ये ही मंडळी जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवून आली. २०२२ मधला ‘रक्षक’ हा अल्बम त्यांनी कुठल्याही कंपनीविना स्वतः काढला, त्याची निर्मितीही करणचीच.

आता ४० हजारांचे बघू. माझे स्पष्ट मत असे की एवढे देऊ नका. इंजिनिअरिंगच्या मुलाकडे संगणक असणारच. त्याला हवा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार आणि माईक संगणकाला जोडणारी डबी. ती साधारण पाच-सात हजारांपासून मिळते. कान पूर्ण झाकणारा एक बरा हेडफोन. एक साधा डायनॅमिक माईक, जो पडला-झडला तरी चालतो. ‘ऑडॅसिटी’सारखे सॉफ्टवेअर फुकट आहे. पंधरा हजारांत पहिले वर्ष सहज निघेल. राहिलेल्या पंचवीस हजारांची मुले काय घेतात हे मी पाहिले आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाची नक्कल करणारी पेडले घेतात, मग तिसऱ्या कुणाची घेतात, आणि गाणे एकही पुरे होत नाही.

पैशांपेक्षा महाग वस्तू म्हणजे दार बंद होणारी खोली आणि ठरलेले दोन तास. यजमानांच्या पाळीचे वेळापत्रक घरात असेलच, त्यावरूनच रेकॉर्डिंगचे वेळापत्रक आखावे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी गिटार फक्त हेडफोनवर. बिनॲम्प्लिफायरची इलेक्ट्रिक गिटार डासाच्या गुणगुणीइतकीच वाजते. दिवसाची झोप मुळात हलकी असते, शरीराचे घड्याळ तिला साथ देत नाही, म्हणून या बाबतीत घासाघीस नको. रॉकचे गाणे मात्र कुजबुजत गाता येत नाही. ते वडील दुपारच्या पाळीला गेले की गावे. आणि ढोलताशांइतका दणका देणारे ड्रम क्वार्टरमध्ये आणूच नयेत. रबरी पॅडचे ड्रमसुद्धा फरशीतून खालच्या घरात ठकठकतात. संगणकातले ड्रम वापरावेत, किंवा एखादी दुपार ओळखीच्या शाळेचा हॉल मागून सगळ्या गाण्यांचे ड्रम तिथे उरकून घ्यावेत.

खोलीचेही एक शास्त्र आहे. उघड्या सिमेंटच्या भिंतींवरून आवाज चेंडूसारखा उसळतो आणि माईकमध्ये स्नानगृहात गायल्यासारखा येतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगाव्यात (समोर नव्हे, कारण माईकचे तोंड गाणाऱ्याकडे आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे असते). कपड्यांनी भरलेले कपाट दार उघडून ठेवले तर तेही आवाज पिते. मात्र गोधडी शोषते ती बारीक, तीक्ष्ण स्वरांची उसळी. जाड, खालचे स्वर तिला जुमानत नाहीत. शंभर हर्ट्झच्या स्वराची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे गोधडी ती काय! म्हणून गोधडी लावली की शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही, हा गैरसमज काढून टाकावा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची युक्ती तर विसरूनच जावी; त्याने झुरळांखेरीज कुणाचे भले होत नाही.

मे महिन्यात भिलाईत कूलरशिवाय बसणे म्हणजे भट्टीशेजारी बसणे. पण कूलर चालू ठेवून गायले तर गाण्यात दुसरा गायक म्हणून कूलरच येतो. चार मिनिटांचे गाणे, चार मिनिटे कूलर आणि पंखा बंद, मग पुन्हा चालू. एवढी तपश्चर्या करावीच लागते. गिटारमधून ‘हम्म्म’ असा अखंड सूर येत असेल तर तो विजेचा, पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. फ्रिजपासून आणि चार्जरपासून दूर बसावे, गिटारसकट थोडे इकडे-तिकडे वळून पाहावे. एखाद्या कोनात तो सूर एकदम मंदावतो. घराचे अर्थिंग मात्र जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. पोलादी तारांवर बोटे आणि धातूच्या माईकला ओठ, असा हा छंद आहे.

छोटा ॲम्प्लिफायर माईकने टिपायचा असेल, तर आवाज शोधण्याचा सर्वांत स्वस्त प्रयोग तिथेच आहे. माईक स्पीकरच्या बरोबर मध्याशी धरला तर आवाज चकचकीत, टोचणारा येतो. तोच बोटभर कडेकडे सरकवला की गडद आणि गोल होतो. अगदी जवळ नेला की खालचे स्वर फुगतात. बोटाबोटाने सरकवत प्रत्येक जागा टिपावी, मग हेडफोनवर ऐकून ठरवावे. एका रविवारी हे केले तर तीन पेडलांचे पैसे वाचतात.

आणि भिलाईचा म्हणून काही आवाज असेल का? मुलाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला फार वाटते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पुढे पोलाद कारखान्यातच नोकरीला होत्या. बाईने बसूनच पंडवानी गावी, असा तेव्हाचा रिवाज. यांनी पुरुषांसारखी उभ्याने, कापालिक शैलीत गायला सुरुवात केली तेव्हा समाजाने त्यांना बाहेर काढले होते. त्यांच्या हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. रॉकवेड्या पोरांना रंगमंचावरचा आवेश बघायचा असेल तर अमेरिकेपर्यंत जायला नको.

पण इथे एक धोका सांगून ठेवतो. तयार इंग्रजी गाण्यावर मांदर किंवा मोहरी वरून चिकटवली की छत्तीसगढी रॉक झाले, असे होत नाही. ते पुरणपोळीवर सॉस ओतल्यासारखे लागते. मांदरचा ठेका आधी हातात मुरावा लागतो, मग गिटार त्या ठेक्याने चालायला लागते. तोवर मोबाइल घेऊन गावात हिंडावे. रात्री मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत जातात तो लांबणारा खणखणाट, लग्नातला गुदुम बाजा, दुपारच्या सामसुमीतली कूलरची घरघर, सगळे टिपून ठेवावे. मघाशी ज्या कूलरला बंद केले, तोच गाण्याच्या सुरुवातीला तंबोऱ्यासारखा लावता येईल. कारखान्याच्या आत जाऊन रेकॉर्डिंग करण्याचा हट्ट मात्र धरू नये. तिथे त्याला परवानगी लागते आणि त्यात वडिलांची नोकरी अडकलेली आहे.

राहता राहिली गाणी पुरी करण्याची गोष्ट. तीन मित्रांनी महिन्याला एक गाणे, बरे-वाईट जसे होईल तसे, पुरे करून बाजूला ठेवावे आणि त्यावर तारीख घालावी. सहा गाण्यांनंतर ओळीने ऐकले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. एखादी सवय, एखादी चूक, शब्द ओढण्याची लकब. त्यांतली कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची, यावर मित्रांत भांडणे होतील. ती होऊ द्यावीत. मूळ फाइली दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. आणि तयार गाणे फक्त हेडफोनवर ऐकून समाधान मानू नये. ते मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर स्वयंपाकघरात लावावे. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात शब्द कळले, तर गाणाऱ्याचा आवाज पुरेसा वर आहे. नाही कळले, तर गिटार दोन-एक डेसिबलने खाली आणावी आणि पुढच्या कुकरला पुन्हा ऐकावे.